संशोधन आणि अध्यापन करताना मनाची व शरीराची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पीएचडी करणारे, महाविद्यालयांत शिकवणारे आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे आमचे काही सहकारी दर महिन्याला एकत्र भेटतात. त्या भेटींत आणि त्यानंतर येणाऱ्या निरोपांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांच्या मनात या क्षणी जीव देण्याचे विचार येत आहेत, त्यांनी पुढचे काहीही वाचण्याआधी १४४१६ या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करावा किंवा प्रश्न १४ पाहावा.

१. मला आलेला हा नुसता थकवा आहे की आजार, हे कसे ओळखायचे?

दोन-तीन रात्री नीट झोप झाल्यावर किंवा चार दिवस गावी जाऊन आल्यावर मन हलके होत असेल, तर तो बहुधा थकवाच असतो. मात्र सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहत असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक फार घटली किंवा फार वाढली असेल, एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नसेल आणि आपण कुचकामी आहोत असे सतत वाटत असेल, तर नैराश्याची शंका घेऊन तज्ज्ञांना भेटावे. दोन आठवड्यांची ही मर्यादा डॉक्टरही निदानासाठी वापरतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही माणूस असाच मरगळतो. शाकाहारी मेस आणि दिवसभर चहा-बिस्किटे यांवर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी असणे मुळीच विशेष नाही. म्हणून आधी साध्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी.

२. रविवारी काम केले नाही तर अपराधी वाटते आणि काम करायला बसले तर होत नाही. यावर काय करावे?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे. बँकेतल्या माणसाचा हिशेब जुळला की त्याचा दिवस संपतो, पण प्रबंधाचे तसे नाही. न वाचलेला एक लेख, न तपासलेली एक तळटीप नेहमीच शिल्लक असते. या कामाला स्वतःचा काठ नाही, म्हणून तो आपल्यालाच बांधावा लागतो.

आमच्यातला एक इतिहासाचा अभ्यासक दीड वर्ष पेशवे दफ्तरात मोडी कागद वाचत होता. तेथे कार्यालयाची वेळ संपली की कागदांचा रुमाल, म्हणजे कापडी गठ्ठा, बांधून परत द्यावा लागे आणि मग घरी जाण्यावाचून गत्यंतर नसे. ते दीड वर्ष त्याला शांत झोप लागली. पुढे वसतिगृहाच्या खोलीत बसून लेखन सुरू झाल्यावर रात्रीचे दोन वाजू लागले आणि पानांची संख्या मात्र वाढली नाही. शेवटी त्याने दफ्तराचीच वेळ खोलीत आणली. संध्याकाळी सहाला तो उद्याच्या पहिल्या वाक्याची अर्धी ओळ चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपच्या झाकणात ठेवतो आणि लॅपटॉप बंद करतो. ती अर्धी ओळ फार उपयोगी पडते, कारण सकाळी कोऱ्या पडद्यापुढे बसण्याची धास्ती त्यामुळे राहत नाही.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवावा आणि तो आधीच ठरवावा. काम झाले तर सुट्टी, असे ठरवले की ती सुट्टी कधीच येत नाही.

३. दिवसाला नक्की किती तास अभ्यास केला म्हणजे पुरे?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. लेखनासारखे एकाग्रतेचे काम बहुतेकांना दिवसाला तीन-चार तासांपलीकडे चांगले जमत नाही, हा आमच्या गटाचा अनुभव आहे. उरलेला वेळ नोंदी, पत्रव्यवहार, प्रयोगाची तयारी आणि संदर्भ लावणे यांत जातो आणि तेही कामच असते.

४. रात्री जागूनच माझे काम होते. झोपेबद्दल एवढे काय?

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते आणि दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, त्यामुळे जागून वाचलेल्यातले पुष्कळ वाया जाते. चहा-कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातच्या कटिंगचा निम्मा अंमल मध्यरात्रीही शरीरात असतो. तुम्ही रात्री उशिरा झोपून उशिरा उठणारे असाल आणि झोप पुरी होत असेल, तर त्यात गैर काही नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा रात्री तीनला झोपून सकाळी आठचा तास घ्यावा लागतो.

शरीराचा विषय निघालाच आहे तर चालण्याबद्दलही सांगतो. पुण्याला टेकड्यांचे भाग्य लाभले आहे. विद्यापीठातून चतुःशृंगी, फर्ग्युसनमधून हनुमान टेकडी, विधी महाविद्यालय रस्त्यावरून वेताळ टेकडी, अशी प्रत्येकाच्या जवळ एक तरी वाट आहे. सकाळी वेताळ टेकडीवर मोरांचे ओरडणे ऐकत अर्धा-पाऊण तास चालून आल्यावर अडलेला मुद्दा सुटतो, हे आमच्यातल्या अनेकांनी अनुभवले आहे. एकट्याने जात असाल तर उजेड झाल्यावर जावे आणि टेकडीवर दागिने व महागड्या वस्तू नेऊ नयेत.

५. गाईड भेटतच नाहीत. चार महिन्यांपूर्वी दिलेले प्रकरण त्यांनी अजून वाचलेले नाही. मी मन शांत कसे ठेवू?

हा प्रश्न मन शांत ठेवण्याचा नाही, म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. आपल्या क्षेत्रातला बराचसा मनस्ताप हा कामकाजातल्या दिरंगाईतून येतो. तो ध्यानधारणेने उतरवायचा प्रयत्न केला की दिरंगाई तशीच राहते आणि ध्यान जमत नाही म्हणून माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो. मी स्वतः तिसऱ्या वर्षी हेच केले. एका प्रकरणाची छापील प्रत पावसाळाभर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आज तरी भेट होईल या आशेने, मी विभागात नेत होतो. सप्टेंबरात तिच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि आपलेच लेखन वाचण्याच्या लायकीचे नसणार, अशी माझी खात्री झाली होती. प्रत्यक्षात ते प्रकरण कोणी उघडलेलेच नव्हते.

त्यानंतर जे करून उपयोग झाला ते सांगतो. प्रत्येक भेटीनंतर, मग ती जिन्यात पाच मिनिटांची का असेना, त्याच दिवशी एक सभ्य ई-मेल पाठवावा: आज अमुक बोलणे झाले, मी अमुक तारखेपर्यंत तमुक देईन, दिलेल्या प्रकरणावर आपला अभिप्राय अमुक तारखेपर्यंत मिळाल्यास पुढचे लेखन करता येईल. संपूर्ण प्रकरणाऐवजी दहा पाने आणि त्यांसोबत तीन नेमके प्रश्न पाठवले, तर उत्तर लवकर येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगतीचे सादरीकरण करावे लागते. बरेच जण ती केवळ उपचाराची बैठक समजतात. वास्तविक आपली अडचण नोंदवून घेण्याची ती हक्काची जागा आहे. तेथे तक्रारीचा सूर न लावता, प्रकरण अमुक तारखेला सादर केले असून अभिप्रायाची प्रतीक्षा आहे, एवढे वाक्य अहवालात लिहावे.

मार्गदर्शकांची बाजूही ध्यानात घ्यावी. नियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, शिवाय तास, परीक्षा आणि नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, कामे असतातच. त्यांनी वाचले नाही याचा अर्थ त्यांनी नाकारले असा होत नाही.

६. मग गाईड बदलता येतो का?

येतो, पण तो शेवटचा मार्ग आहे. आधी प्रश्न ५ मधील लेखी नोंदी जमवाव्यात, नंतर विभागप्रमुखांशी बोलावे आणि मगच संशोधन केंद्रामार्फत अर्ज करावा. नवे मार्गदर्शक कोण असतील हे ठरवल्याशिवाय अर्ज करू नये. दुर्लक्ष नसून अपमान किंवा छळ होत असेल, तर हा क्रम लागू होत नाही. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

७. घरचे प्रत्येक फोनवर "संपणार कधी?" असे विचारतात. काय सांगू?

आई-बाबांना पीएचडी म्हणजे परीक्षेसारखी गोष्ट वाटते, जिचा निकाल ठरलेल्या महिन्यात लागतो. त्यांची चूक नाही. त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. "होईल लवकरच" हे उत्तर देऊ नये, कारण त्यामुळे पुढच्या फोनवर तोच प्रश्न येतो. त्याऐवजी टप्पे सांगावेत: कोर्सवर्क झाले, पाचपैकी दोन प्रकरणे लिहून झाली, दिवाळीपर्यंत तिसरे होईल. आमच्यातल्या एका मुलीने घरच्या कालनिर्णयावर हे टप्पे बाबांच्याच हाताने लिहून घेतले. तेव्हापासून बाबा "तिसरे झाले का गं?" एवढेच विचारतात, आणि तो प्रश्न तिला सोबतीसारखा वाटतो.

नातेवाइकांना टप्पे सांगण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी "चालू आहे" पुरते.

८. फेलोशिप महिनोन्‌महिने रखडते. पैशांच्या काळजीने लक्षच लागत नाही.

पैशांची काळजी ही मनाची दुर्बलता नव्हे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ, ४२,००० रुपये आहे. पण कागदावरची रक्कम वेळेवर खात्यात येत नसेल, तर खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे त्यातून भागत नाहीत. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीधारकांनी तर त्यासाठी पुण्यात उपोषणे केली आहेत.

रक्कम आली की तिचे महिन्यांत वाटे करावेत आणि किमान दोन महिन्यांचे भाडे बाजूला ठेवावे. हजेरी व प्रगती अहवाल, घरभाडे प्रमाणपत्र आणि मार्गदर्शकांची सही ही कागदपत्रे मुदतीच्या दोन आठवडे आधी पूर्ण करावीत, कारण आपल्या बाजूने राहिलेली एक सही पुढचा संपूर्ण हप्ता अडवते. झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपच्या वाटेला जाऊ नये. वसुलीच्या फोनांनी होणारा त्रास मूळ अडचणीपेक्षा मोठा होतो.

९. मी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. माझ्यासाठी यात काय आहे?

तुमचा थकवा वेगळा आहे, हे आधी मान्य करायला हवे. सकाळी हडपसर, दुपारी कर्वे रस्ता, मधला डबा पीएमपीच्या बसमध्ये, स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नाही आणि उन्हाळ्यात मानधन नाही, अशा दिनक्रमाला स्वास्थ्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. तरी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद तारीख, वर्ग आणि विषयासह स्वतःच्या वहीत ठेवावी, म्हणजे देयकाच्या वेळी वाद होत नाही. तासांव्यतिरिक्त येणारे काम, म्हणजे नॅकचे अहवाल, स्नेहसंमेलन किंवा परीक्षेची पर्यवेक्षणे, स्वीकारताना त्याचे मानधन मिळणार आहे का, हे त्याच वेळी शांतपणे विचारावे. कायम होण्याच्या आशेवर केलेल्या बिनपगारी कामाची नोंद कोठेही होत नाही, हे मला पाहून ठाऊक आहे आणि ते लिहिताना वाईट वाटते.

१०. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांपैकी नेमके कोणाकडे जायचे? पुण्यात कमी खर्चात सोय आहे का?

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. अभ्यासाचा ताण, नातेसंबंध आणि निर्णय घेण्यातली अडचण यांसाठी समुपदेशकापासून सुरुवात केली तरी चालते. झोप पूर्ण उडाली असेल, भास होत असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जावे.

आपल्या संस्थेत समुपदेशन कक्ष असेल तर तेथून आरंभ करावा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे, त्यामुळे तो नसल्यास प्राचार्यांकडे लेखी विचारणा करता येते. ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून अल्प खर्चात तपासणी होते. फक्त सकाळी लवकर जावे आणि रांगेत वेळ जाईल हे गृहीत धरावे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. "येरवड्याला जाणे" ही शिवी म्हणून वापरण्याची आपल्या बोलण्यातली सवय मोडण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे मदत हवी असलेला माणूस फाटकापासूनच परततो. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो चोवीस तास व विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

११. गोळ्या सुरू केल्या तर त्यांची सवय लागेल का? आणि विभागात कळेल का?

नैराश्यावरील नेहमीच्या औषधांची व्यसनासारखी सवय लागत नाही. त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून आठ दिवसांत फरक नाही असे म्हणून ती सोडू नयेत. बरे वाटल्यावरही ती एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावीत. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, त्यामुळे मित्राच्या पाकिटातली गोळी कधीही घेऊ नये.

गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने दिला आहे. तुमचे उपचार डॉक्टरांनी तुमच्या संमतीशिवाय विभागाला कळवणे त्यात बसत नाही. याला अपवाद आहेत आणि त्यांतला महत्त्वाचा म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे. रजेसाठी प्रमाणपत्र लागले, तर त्यात आजाराचे नाव न घालता केवळ विश्रांतीची गरज लिहून द्यावी, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठी विम्याची तरतूद करावी, असे हाच कायदा सांगतो, म्हणून पॉलिसीची कागदपत्रे एकदा नीट वाचावीत.

१२. माझा अपमान, जातीवरून शेरेबाजी किंवा लैंगिक छळ होत आहे. तक्रार केली तर पीएचडी संपेल, अशी भीती वाटते.

ही भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तारीख, वेळ, शब्द आणि उपस्थित व्यक्ती यांची नोंद ठेवावी, निरोप पुसू नयेत आणि किमान एका विश्वासू माणसाला सर्व सांगून ठेवावे.

लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थिनींसह पुरुष व तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही विचार केला आहे. इतर शैक्षणिक तक्रारींसाठी आयोगाच्याच २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. जातीय छळ झाल्यास अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत जाण्याचा मार्ग संस्थेच्या समितीवर अवलंबून नाही.

१३. मी बाळंतपणामुळे मागे पडले आहे. मुदत संपेल का?

पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षे आहे आणि पुनर्नोंदणीने ती आणखी दोन वर्षे वाढू शकते. महिलांना, तसेच चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना, त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे एकूण मर्यादा दहा वर्षांची होते. शिवाय संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळण्याची तरतूद आहे. अर्ज मुदत संपण्याआधी करावा. मागे पडल्याची भावना प्रसूतीनंतरच्या नैराश्याचाही भाग असू शकते, म्हणून प्रश्न १ मधील लक्षणे स्वतःशी पडताळून पाहावीत.

१४. माझा रूममेट "आता सगळे संपवावेसे वाटते" असे बोलतो. मी काय करू?

त्याला सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" विचारल्याने असे विचार मनात रुजतात हा समज चुकीचा आहे; उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. मध्येच उपदेश करू नका, आई-बाबांची आठवण देऊन त्याला अपराधी करू नका आणि "कोणाला सांगू नकोस" असे वचन देऊ नका. त्याने वेळ, जागा किंवा साधन ठरवलेले असेल, तर त्याला एकटे सोडू नका, गोळ्या व धोक्याच्या वस्तू दूर करा, वसतिगृहप्रमुखांना उठवा आणि १०८ ला फोन करून किंवा रिक्षाने जवळच्या रुग्णालयात न्या. पोलिसांची भीती बाळगू नका. वर उल्लेखिलेला २०१७ चा कायदा असे मानतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असते, आणि तिच्यावर खटला चालवण्याऐवजी तिची काळजी घेण्याची जबाबदारी तो शासनावर टाकतो.

दुसऱ्या दिवशी तुम्हीही कोणाशी तरी बोला. अशी रात्र काढल्यावर हात कापत राहतात आणि ते स्वाभाविक आहे.

१५. मी प्राध्यापिका आहे. विद्यार्थी माझ्या केबिनमध्ये येऊन रडतात. मी समुपदेशक नाही.

तुम्ही समुपदेशक असण्याची अपेक्षाही नाही. दार किंचित उघडे ठेवून, फोन उलटा ठेवून दहा मिनिटे ऐकावे, पाणी द्यावे आणि "हे मला सांगितलेस ते बरे केलेस, आता आपण समुपदेशन कक्षात एकत्र जाऊ" असे म्हणून त्या विद्यार्थ्याला स्वतः सोबत घेऊन जावे. चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला तर बहुतेक विद्यार्थी तो वापरत नाहीत. जिवाचा धोका दिसल्यास प्रश्न १४ प्रमाणे वागावे.

१६. पीएचडी मधेच सोडणे म्हणजे हार मानणे नाही का?

नाही. मात्र हा निर्णय आजारपणात, अपमानाच्या दिवशी किंवा फेलोशिप अडकलेल्या महिन्यात घेऊ नये. आधी स्वतःला विचारावे, की मार्गदर्शक चांगले असते आणि पैसे वेळेवर मिळाले असते तर हा विषय मला करायचा होता का. उत्तर होय असेल, तर प्रश्न ५, ६ आणि ८ यांतील उपाय आधी करून पाहावेत. उत्तर नाही असेल आणि तीन महिन्यांनंतरही तेच राहिले, तर सन्मानाने बाहेर पडावे. आमच्या गटातल्या दोघांनी असे केले. एक जण आज शाळेत शिकवतो, दुसरी अनुवाद करते, आणि दोघेही आमच्या मासिक भेटीला येतात.

१७. व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, उत्तम झाला, सगळे पेढे मागत आहेत आणि मला मात्र रिकामे वाटते. माझ्यात काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. पाच-सहा वर्षे ज्या एका कामाभोवती दिवस बांधलेला होता, ते काम एका दुपारी संपते आणि दिवस सुटा होतो. मलाही व्हायवानंतर सकाळी सातला जाग येत असे आणि टेबलापाशी जाऊन बसल्यावर करायला काही नसे. त्या आठवड्यात घाईने नव्या प्रकल्पाचा किंवा परदेशी फेलोशिपचा अर्ज भरायला घेऊ नये. हे रिकामेपण दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि त्यासोबत इतर लक्षणेही दिसली, तर प्रश्न १ कडे परत यावे. तोपर्यंत विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाची पुस्तके परत करावीत, वर्षभर टाळलेली दातांची तपासणी उरकावी आणि लिहिण्याच्या त्या ठरलेल्या वेळी टेकडीवर जाऊन यावे.